थरथर

आईचे फोन दोन प्रकारचे असतात. एक, अण्णा शेजारी बसलेले असताना केलेला. त्यात पाऊस, पाणी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं असं सगळं येतं. दुसरा, अण्णा बाहेर गेल्यावर केलेला. तो आवाज खाली आणून असतो आणि दोन मिनिटांत संपतो. २०२५ च्या दिवाळीनंतर आला तो दुसऱ्या प्रकारचा.

"अरे, गाडी चालवताना ह्यांचे हात थरथरतात. परवा जेजुरीहून येताना बघितलं मी. तू त्यांना काही बोलू नकोस, पण बघ काय ते."

काही बोलू नकोस पण बघ. आता ह्याचं काय करायचं?

आमचे अण्णा ७८ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून मोरगावात अजून सगळे 'गुरुजी' म्हणतात. २०१२ साली घेतलेली पांढरी वॅगन आर हे त्यांचं स्वातंत्र्य. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, सुप्याला बाजारात, जेजुरीला आत्याकडे, सगळं ह्याच गाडीतून. आम्ही दोघं भावंडं बाहेर, मी पुण्यात आणि ताई नाशिकला. एसटीची वाट बघत उभं राहणं त्यांना जमत नाही असं नाही, पण ते त्यांना मान्य नाही.

त्या रात्री ताईशी तासभर बोललो. तुम्हीही कधी ना कधी असा फोन केला असेल. आईवडील शंभर-दीडशे किलोमीटरवर बसलेले असतात आणि मुलं फोनवरून त्यांचं आयुष्य ठरवत असतात. आमचं ठरलं की आता बास. ह्या वयात हात थरथरायला लागले म्हणजे काय ते समजायचं. शनिवारी मी जायचं आणि गोडीगुलाबीने किल्ली काढून घ्यायची. आठवड्यातून दोनदा येणारा ड्रायव्हर बघायचा. पैसे निम्मे निम्मे. ताईने तर पुण्यातल्या मेंदूविकार तज्ज्ञांची चौकशीसुद्धा सुरू केली होती.

शनिवारी सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत आणि तिथून सुप्यावरून घरी पोचलो. रविवारी सकाळी 'बारामतीला जाऊन येऊ, मला एक काम आहे' अशी थाप मारली. अण्णा चालवायला, मी शेजारी, आई मागे. आई नेहमी मागेच बसते, डाव्या खिडकीशी. पुढे बसलं की समोरून येणारे उसाचे ट्रॅक्टर दिसतात आणि देवाचं नाव घ्यावं लागतं, मागे बसलं की निदान दिसत तरी नाहीत, असं तिचं म्हणणं.

तरडोली मागे पडली, रस्ता मोकळा मिळाला. काटा सत्तरच्या पुढे गेला आणि मी अण्णांच्या हातांकडे बघितलं. थरथरत होते. अगदी स्पष्ट. मनगटापासून बोटांपर्यंत. माझ्या पोटात गोळा आला. खरं सांगतो, त्या दोन-तीन मिनिटांत मी बरंच काही पुढचं बघून टाकलं... औषधाच्या गोळ्या, चमच्यातून सांडणारी आमटी, सगळं.

"अण्णा, जरा मी चालवू का? बऱ्याच दिवसांत ही गाडी हातात घेतली नाही."

त्यांनी मुकाट्याने गाडी बाजूला घेतली. मी बसलो. साठपर्यंत काही नाही. सत्तरला काहीतरी जाणवलं. पंच्याहत्तर, ऐंशी... आणि माझे हात थरथरायला लागले.

स्टिअरिंग नुसतं नाचत होतं.

"ते थोडं हलतं," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पावसाळ्यापासून हलतंय. तुमच्या मागे आधीच व्याप, म्हणून बोललो नाही."

आनंद झाला की लाज वाटली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं की हात नाही, गाडी थरथरते. ती आधी हसली आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही, किंबहुना इथेच सुरू होते. थरथर घालवायला मला पुढचे चार आठवडे आणि तीन दुकानं लागली.

त्याच दिवशी बारामतीत एका दुकानात गाडी घातली. चाक हलतं म्हटलं की बरेच लोक अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकाच श्वासात म्हणतात. मीही म्हणालो. दोन्ही वेगळ्या गोष्टी. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने जास्त झिजत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं एकमेकांच्या आणि रस्त्याच्या रेषेत आहेत की नाहीत ते. गाडी सरळ जाते पण ठराविक वेगाला थरथरते, तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे की नाही ते. एवढं मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्या बिलातला निम्मा आकडा वाचला असता.

मुलाने चाक काढलं, यंत्रावर चढवलं, फिरवलं. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर आकडा आला ३५ ग्रॅम. त्याने रिमच्या काठाला ३५ ग्रॅमचं वजन ठोकलं, पुन्हा फिरवलं, पडद्यावर शून्य शून्य. समाधान वाटलं. शून्य ह्या आकड्यावर आपला फार विश्वास असतो.

परत येताना निम्मा रस्ता गाडी लोण्यासारखी चालली आणि मग पुन्हा तेच. पहिल्यापेक्षा जास्त. घरी येऊन चाकाच्या आत वाकून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, आणि त्यातला एक मोठा ढेकूळ नुकताच गळून पडल्याची ताजी खूण. म्हणजे यंत्राने त्या चिखलासकट तोल काढला होता. चिखल पडला, वजन राहिलं, आणि आता त्या वजनाचाच तोल जात होता. बॅलन्सिंगच्या आधी रिम आतून बाहेरून धुवायची असते, ही एवढी साधी गोष्ट. त्या मुलाने केली नाही, आणि मीही मोबाइल बघत बसलो होतो. असो.

पुढच्या आठवड्यात गाडीच पुण्याला घेऊन आलो. अण्णांना म्हटलं, चार दिवस माझी वापरा. त्यांना माझ्या गाडीत 'ऐसपैस वाटत नाही', म्हणून त्यांनी ती चार दिवस अंगणात उभी ठेवली. इकडे पुण्यातल्या दुकानात काचेची केबिन, कॉफी, मोठं यंत्र. रिम धुतल्या, चारही चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केलं, पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. वर 'सर, सस्पेन्शनचे बुश गेलेत' म्हणून एक वेगळा आकडा सांगितला. बुश खरोखर गेले होते का, कोण जाणे. बदलले.

हडपसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तशी ऐंशीवर नेली. स्टिअरिंग शांत! मी त्या आनंदात यवतला थांबून मटण... जाऊ दे, हे घरी कळायला नको. गाडी अण्णांच्या ताब्यात दिली आणि रुबाबात सांगितलं, झालं काम.

आठ दिवसांनी आईचा फोन. पुन्हा दुसऱ्या प्रकारचा.

"ह्यांचे हात आता नाही रे थरथरत. पण माझ्या पाठीला मुंग्या येतात गाडीत बसलं की."

मी म्हटलं, आई, तुझं वय झालं. (हे वाक्य मी खरंच बोललो. शरम वाटते म्हणून इथे लिहून ठेवतो.)

तिने जे सांगितलं होतं त्यात सगळं निदान होतं, फक्त मला ते ऐकू आलं नव्हतं. पुढच्या चाकात दोष असेल तर तो स्टिअरिंगमधून हाताला कळतो. मागच्या चाकात असेल तर सीटमधून पाठीला कळतो. दुकानदाराने दुखरं चाक पुढून उचलून मागे टाकलं होतं, डावीकडचं डावीकडेच. म्हणजे बरोबर आईच्या खाली. रोग बरा झाला नव्हता, त्याने जागा बदलली होती.

हे मला सांगितलं ते आमच्या पंक्चरवाल्या मामांनी.

मोरगावात त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक हवेचा पंप, पाण्याचं टीप आणि बाहेर टांगलेला एक टायर. हाच बोर्ड. माझ्या लहानपणापासून आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अण्णा आणि मी गाडी घेऊन गेलो, तर मामा जेवायला गेलेले. तासभर काय करायचं म्हणून देवळात गेलो.

रविवारी मयुरेश्वरापुढे नव्या गाड्यांची रांग असते. अष्टविनायकातला पहिला गणपती, म्हणून नवी गाडी पहिल्यांदा इथेच आणायची अशी अनेकांची पद्धत. बॉनेटवर हार, काचेवर स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू. गाडी एक फूट पुढे जाते, लिंबू फुटतं, सगळे टाळ्या वाजवतात. त्यांचे नवे कोरे टायर, त्यावरचे ते बारीक रबरी केस अजून झिजलेले नाहीत, मी देवाऐवजी त्यांच्याकडेच बघत होतो. महिनाभर टायरशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

देवळासमोर दगडी नंदी आहे. गणपतीपुढे नंदी कसा, असं नवीन माणूस विचारतोच. अण्णांनी मला लहानपणी सांगितलेली गोष्ट त्या दिवशी पुन्हा सांगितली. हा नंदी शंकराच्या कुठल्याशा देवळासाठी गाड्यावरून चालला होता. इथे आला आणि गाडा मोडला. कितीही खटपट केली तरी नंदी हलेना, तेव्हा त्याला इथेच ठेवला.

"चाक मोडलं असणार," अण्णा म्हणाले. "कोणीतरी बघून घ्यायला पाहिजे होतं निघायच्या आधी."

मामा आले. गाडीच्या कागदांकडे, बिलांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. "कुठं हालतंय?" एवढंच विचारलं. मी सगळं रामायण सांगितलं. आईच्या पाठीचं आलं तसे ते उठले, मागच्या डाव्या चाकाला जॅक लावला आणि चाक अधांतरी केलं. मग कडुलिंबाची एक काडी घेतली, विटेवर टेकवली आणि तिचं टोक टायरला लागेल न लागेल अशा बेताने धरलं.

"गुरुजी, फिरवा चाक हातानं. हळू."

अण्णांनी फिरवलं. काडी आणि टायर यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढी फट. फट तशीच राहिली, राहिली, राहिली... आणि एका जागी टायर काडीला घासला. खस्स. पुन्हा फट. पुन्हा त्याच जागी खस्स.

"ह्यो बगा. हितं फुगा हाय. वजन बरोबर हाय, गोल न्हाई."

मी तिथेच पायरीवर बसलो. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला विचारलं होतं की वजन सारखं आहे का, त्याने सांगितलं हो. चाक गोल आहे का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मामांनी खडूने जागा मारली आणि टायर रिमवरून उतरवला. रिम वेगळी फिरवून बघितली, ती सरळ होती. मग आम्हाला टायरवर हात फिरवायला लावला. जिथे खूण तिथे नक्षीखाली एक उंचवटा, पुरणपोळी तव्यावर एका बाजूने फुगते तसा. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, रबरात गच्च चिकटवलेले. त्या पट्ट्यांनी एके ठिकाणी रबर सोडलं होतं. हे एकदा सुरू झालं की वाढत जातं आणि मग एखाद्या उन्हाळ्यात, भर वेगात, टायरची वरची चामडीच सुटून येते. मामांनी हे तीन शब्दांत सांगितलं, "फाटला असता रस्त्यात." पुढे काय झालं असतं ते कोणी बोललं नाही. त्या चाकाच्या वर, खिडकीशी, दर आठवड्याला कोण बसत होतं ते तिघांनाही माहीत होतं.

अण्णांचा मात्र विश्वास बसेना. "अहो, पण नक्षी बघा की! सात वर्षांत पंधरा हजार किलोमीटरसुद्धा चालले नाहीत हे. अजून निम्म्याच्या वर नक्षी आहे."

मुद्दा बरोबर होता. खोबणींच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, कायद्यानेही संपला. आमचे टायर त्यापासून कितीतरी लांब होते. दर खंडेनवमीला अण्णा गाडी धुऊन चारही चाकांना आणि डिकी उघडून स्टेपनीलाही हळदकुंकू लावतात. इतक्या मायेने सांभाळलेली वस्तू खराब होईलच कशी, असा त्यांचा चेहरा.

मामांनी टायरच्या अंगावरचा एक लंबगोल शिक्का दाखवला. चार आकडे, १११८.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं. आकडे दिसले की ते हरतातच.

पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ सालचा अकरावा आठवडा, म्हणजे मार्च. टायरचा जन्म. चारही टायर तेव्हाच बदललेले, त्यामुळे चौघांचं वय तेच. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू त्याला आतून कडक करत नेतो, आणि ऊन त्याला हातभार लावतं. आमची गाडी अंगणात उभी असते. डावी बाजू पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन त्या दोन चाकांवर, आणि इथला उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यात गाडी आठ-आठ दिवस एकाच जागी उभी, टायरच्या एकाच भागावर भार, हवा कमी. टायर बनवणाऱ्यांचा साधारण सल्ला असा असतो की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. हे मी नंतर वाचलं. मामांनी ते असं सांगितलं:

"गुरुजी, टायर चालून जातो तसा बसूनबी जातो."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडायला घेतला. टायरवर आकडा १५५/६५ आर १४. रुंदी १५५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे १०० आणि थोडे. खाली-वर मिळून दोनशे. रिम १४ इंच, म्हणजे ३५५. सगळा व्यास ५५७. बावीस सप्तमांशाने गुणलं तर परीघ पावणेदोन मीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. "म्हणजे सेकंदाला पावणेतेरा फेरे!" ते जोरात म्हणाले. टपरीवर हवा भरायला आलेला मोटारसायकलवाला वळून बघायला लागला.

मग म्हणाले, तीस ग्रॅमचा फरक असेल तर? हे मला अकरावीतलं भौतिकशास्त्र आठवून त्यांना करून द्यावं लागलं. रिमच्या काठाशी ३० ग्रॅम जास्त असले तर ऐंशीच्या वेगाला ते चाकाला साडेतीन किलोच्या जोराने बाहेर खेचतात, आणि तेही सेकंदाला पावणेतेरा वेळा दिशा बदलत. चाळीसच्या वेगाला तोच जोर पाऊण किलोच्या थोडा वर, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. म्हणून गावात फिरताना काही कळत नाही. आणि ठराविक वेगालाच गाडी जास्त का हलते, तर झोक्यासारखं. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, लय चुकली की जात नाही. गाडीच्या स्प्रिंगांचीही एक लय असते, आमच्या गाडीची पंच्याहत्तर ते नव्वदच्या मध्ये कुठेतरी जुळते.

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "दोन घेऊ," म्हणाले.

आता दोनच का? तर मागच्या उजव्यात फुगा नाही, पुढच्यात नाही, उगाच पैसे कशाला. एक बदलला तर जोडीचाही बदलावा हे त्यांना पटलं होतं, चारांचं पटत नव्हतं. आणि दोन नवे घेतले तर ते पुढे घालायचे हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. दुकानदारही तसंच सांगतात. खरं तर दोनच नवे असतील तर ते मागे घालावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि भल्याभल्यांना सावरता येत नाही. पण इथे तो प्रश्नच नव्हता, चौघेही एकाच वर्षाचे आणि एकाच अंगणातले. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, चार भावंडांत एकाला साखर निघाली तर बाकीच्यांची तपासायची नाही का?" आमच्या काकांच्या घरचं उदाहरण डोळ्यापुढे होतंच. पटलं.

टायर मामांकडे मिळत नाहीत, म्हणून पुन्हा बारामती. (दुकान वेगळं.) तिथल्या माणसाने आधी १६५ रुंदीचे घ्या म्हणून गळ घातली, 'गाडी दिसते पण भारी'. गाडी भारी दिसावी असं वाटण्याचं अण्णांचं वय राहिलेलं नाही. कंपनीने जो आकडा दिला तोच घेतला, आणि त्यापुढचा ७५ पण बघितला. तो भाराचा आकडा, एका टायरने ३८७ किलो पेलायचे. त्याहून कमी आकड्याचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. कुठल्या कंपनीचा ह्यावर माझे मित्र तासतास भांडतात, माझं त्यात फारसं मत नाही. रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्याने रबराचा चिवटपणा बघावा, आमच्यासारख्याने तारीख बघावी.

आणि तारीख बघितली म्हणूनच सापडलं. चारातले दोन २०२३ चे निघाले. नवे कोरे, चकाकणारे, पण दोन वर्षं गोदामात पडलेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, नवाच आहे की, चाललाय कुठं?" अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "टायर बसूनही जातो." मला इतकं हसू आलं की बाहेर जावं लागलं. दोन तास थांबलो, दुसरीकडून मागवून आणले. चारही ३८२५, सप्टेंबर २०२५ चे. २२ सप्टेंबर २०२५ ला टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा. तरी चारांचे सोळा हजार गेले. मी पाकीट काढलं तर अण्णांनी माझा हात बाजूला केला. त्या हाताला चांगला जोर होता.

बसवले मात्र मामांकडेच, असा अण्णांचा हट्ट. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका असतो, ती टायरची सगळ्यात हलकी बाजू. तो ठिपका हवेच्या नळीसमोर आणून बसवला तर तोल साधायला वजन कमी लागतं. मामांना हे माहीत होतं. पुण्यातल्या काचेच्या केबिनवाल्यांना माहीत असणारच, कॉफी देताना सांगायचं राहिलं असेल. नट आवळतानाही समोरासमोरचे आवळले, लागोपाठचे नाहीत. मग दुसऱ्या दिवशी बॅलन्सिंग, ह्यावेळी मी यंत्राशेजारी उभा. एकाला दहा ग्रॅम, एकाला पंधरा, बाकी दोघांना पाच-पाच.

फुग्याचा टायर मामांनी पटाशीने कडेला उभा चिरला. "न्हाईतर कुनीतरी उचलतंय आन् घालतंय," म्हणाले. बाकीचे तीनही चिरायला लावले. अण्णा ते बघायला थांबले नाहीत.

लहानपणी त्यांनी बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिली आहे, ते येताना सांगत होते. लोहार गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडं लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. चर्र आवाज, वाफ, आणि कडं आवळून आरे तुंब्यात घट्ट बसायचे. "पण त्याआधी लोहार चाक फिरवून बघायचा. एक डोळा मिटून," अण्णा म्हणाले. "गोल आहे का ते आधी."

संध्याकाळी तिघं बारामती रस्त्याला निघालो. अण्णा चालवायला. तरडोलीच्या पुढे सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. मी हातांकडे बघत होतो आणि ते बघताहेत हे त्यांना माहीत होतं. स्टिअरिंग देवघरातल्या समईसारखं स्थिर. मागून आई म्हणाली, "आता झोप येते मला."

घरी आल्यावर अण्णांनी किल्ली खुंटीला अडकवली. खुंटी भिंतीवर जरा उंच आहे. पहिल्यांदा किल्ली खुंटीच्या बाजूला लागली, दुसऱ्यांदाही. बोटं थरथरत होती. थोडीशीच. तिसऱ्यांदा अडकली. मी आईकडे बघितलं, आई चहाकडे बघत होती.

ताईने शोधलेल्या डॉक्टरांची जानेवारीतली वेळ मी रद्द केलेली नाही. अण्णांना अजून सांगितलेलंही नाही. रात्री आणि सोलापूर हायवेला गाडी काढायची नाही एवढं त्यांनी स्वतःहून कबूल केलं, तेही टायरांच्या निमित्ताने, 'नवे आहेत, जरा बसू देत' म्हणून.

जेवणं झाल्यावर त्यांनी गाडीची वही काढली. २०१२ पासूनचं सगळं त्यात आहे, पेट्रोल, सर्व्हिसिंग, पंक्चर. नव्या पानावर लिहिलं, चार टायर, ३८२५. खाली एक रेघ मारून लिहिलं, तपासणे दरवर्षी खंडेनवमीला. बदलणे २०३१.

२०३१ ला ते ८४ वर्षांचे असतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मला विचारलं, सकाळी किती वाजता निघणार, म्हणजे हवा बघून ठेवायला.